चौथ्या गाठीचं पाणी

लहानू नानाला पोहता येत नव्हतं, आणि तरी अख्ख्या चिंचबारीत विहिरीच्या कठड्यावर सगळ्यात जास्त वेळ वाकलेला माणूस तोच. बायका ओरडायच्या, "नाना, एक दिवस आत जाल!" नाना मान वर न करता म्हणायचा, "गेलो तर खालून वरडून सांगीन, किती परस हाय ते." विनोद त्याला एवढा एकच यायचा, आणि तो त्यानं दहा वर्षं पुरवून पुरवून वापरला.

चिंचबारी नांदगाव तालुक्यात, डोंगराच्या पाठीशी. म्हणजे ढग पलीकडे रिकामे होऊन येतात आणि इकडे नुसती सावली टाकून जातात. शंभर-सव्वाशे उंबरा, वर बोडका डोंगर, खाली मुरूम. पूर्वी दिवाळी झाली की निम्मं गाव घराला कडी घालून निफाडकडे द्राक्षांच्या मळ्यांत कामाला जायचं. लहानू आणि त्याची बायको नवसाबाई यांची वीस वर्षं दुसऱ्यांच्या बागांत मणी विरळण्यात गेली. त्या बागांना ठिबकनं पाणी मिळायचं आणि इकडे यांच्या घरी म्हातारी एका हंड्यासाठी दोन मैल जायची.

मग कधी नव्हे ते गावानं मनावर घेतलं. दोन उन्हाळे लोकांनी डोंगराच्या अंगावर आडवे चर खणले, म्हणजे उतारावरून पळणारं पाणी त्यात बसेल आणि जमिनीत मुरेल. नाल्यावर तीन मातीचे बांध घातले, जुन्या पाझर तलावातला गाळ काढून शेतात पसरला. फुकटचं काम, तेही उन्हातलं. त्यात भांडणं झाली नसती तर नवल. पण काम झालं. त्या कामातच लहानूचा गुण गावाला कळला. चर सरळ पातळीत नसला तर पाणी एका टोकाला धावतं आणि चर फोडून जातं. ती पातळी काढायला तालुक्याहून एक साहेब पाण्याची नळी घेऊन यायचा. लहानू नुसता उकिडवा बसून बघायचा आणि म्हणायचा, "साहेब, उजव्या अंगाला चार बोटं उतार हाय." नळी लावली की चार बोटंच निघायची. साहेबानं तिसऱ्या दिवसापासून नळी गाडीतच ठेवली.

पाणी आलं. आणि पाणी आल्यावर माणसं जे करतात तेच चिंचबारीनं केलं. ज्याच्या त्याच्या शेतात उन्हाळ कांदा. दोन वर्षं चंगळ झाली, तिसऱ्या वर्षी होळीलाच विहिरींनी तळ दाखवला आणि उभा कांदा करपला. तेव्हा गाव मारुतीच्या पारावर बसलं आणि चार नियम झाले. कुणी बोअर पाडायची नाही. ऊस लावायचा नाही. कुणी शेततळं केलं तर ते नाल्याच्या वाहत्या पाण्यानं भरायचं, विहिरीचा उपसा करून नाही. आणि दरवर्षी दसऱ्याला विहिरीचं पाणी मोजून ठरवायचं, यंदा उन्हाळ कांदा लावायचा की हरभरा-ज्वारीवर भागवायचं. जो मोडेल त्याच्या मोटरचा स्टार्टर काढून हंगामभर मारुतीच्या देवळात ठेवायचा.

सगळ्या विहिरी मोजायच्या तर सगळ्यांच्या बांधावर जावं लागलं असतं आणि प्रत्येक बांधावर एक भांडण होतं. म्हणून एकच विहीर धरली. तलावाच्या खालच्या अंगाची जुनी सरकारी विहीर, जिच्यावर कुणाची मोटर नव्हती. तिला 'मापाची विहीर' नाव पडलं. ती नेमकी लहानूच्या शेताला लागून होती. तेव्हा त्यात कुणाला काही वाटलं नाही, उलट मोजणारा जवळचा आहे हे बरंच वाटलं.

दोर त्यानं स्वतः वळला, घायपाताचा. तो आधी दोन दिवस पाण्यात भिजत ठेवला आणि मग गाठी मारल्या, परसापरसावर एक. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. गावातले शहाणे विचारायचे की भिजवायचं कशाला. "कोरडा दोर पाण्यात गेला की आखडतो," नाना सांगायचा, "मंग त्यो खोटं बोलतो. आधीच वल्ला असला की खरं बोलतो." दोराच्या टोकाला नवसाबाईच्या माहेरचं पितळी फुलपात्र उपडं बांधलेलं. ते पाण्याला टेकलं की खालून 'पक्' असा आवाज यायचा. आवाज आला की नाना कठड्यापाशी दोर चिमटीत धरायचा. दोर जितका जास्त सुटला तितकं पाणी खोल गेलेलं. चौथ्या गाठीच्या आत पाणी लागलं तर कांदा, चौथ्या गाठीच्या खाली गेलं तर हरभरा. एवढा सोपा कायदा. शाळेत न गेलेल्यालाही कळावा असा.

मोजणीच्या पाचव्या वर्षी पाणी चौथ्या गाठीच्या तीन बोटं खाली लागलं. सगळं गाव भोवती उभं. पाणी समितीचा अध्यक्ष गोरक्ष, शिकलेला, दुधाचा धंदा करणारा, तो हळूच म्हणाला, "नाना, तीन बोटांनी काय व्हतंय?"

"मंग चौथी गाठ कशापायी मारली?" नाना म्हणाला. त्या वर्षी नानाच्याच शेतात कांद्याचं रोप हिरवंगार तयार होतं, गावात सगळ्यात आधी टाकलेलं. संध्याकाळी त्यानं त्या वाफ्यांवर शेजाऱ्यांच्या शेळ्या सोडल्या. नवसाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण तेव्हापासून गावात कुणी शपथ घ्यायची झाली तर म्हणू लागलं, "नानाच्या दोराची आण." देवापेक्षा ती आण जरा जड पडायची. बाहेरगावचे लोक गाव बघायला यायचे, त्यांच्यासमोर नाना दोर सोडून दाखवायचा, आणि त्या दिवशी नवसाबाई त्याला इस्त्रीचा सदरा घालायला लावायची.

नवसाबाई गेली. टाळेबंदीत मुलगा ललित परत आला. तो नाशिकला अंबडच्या एका कंपनीत मशीनवर होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा गेला. बायको दीपमाला आणि चार वर्षांची आरोही यांना घेऊन तो गावी आला तेव्हा नानाला मनातून आनंदच झाला. तो बोलून दाखवण्यासारखा नव्हता, कारण ललितचं तोंड उतरलेलं होतं. पण घरात पुन्हा चूल दोन वेळा पेटायला लागली, नात दोराच्या गाठी मोजायला शिकली, आणि साठी उलटलेला तो माणूस बांधावर जाताना गुणगुणू लागला.

ललितला शेती दोन पावसाळ्यांच्या आत बदलायची होती. त्यानं सरकारी योजनेतून शेततळं घेतलं. खोदायला जागा एकच सोयीची, मापाच्या विहिरीपासून तीस-पस्तीस पावलांवर. आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरला. नाल्याच्या पाण्यानंच भरायचं, हा शब्द त्यानं गोरक्षला दिला आणि पहिल्या वर्षी पाळलाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. आषाढात चार सरी, श्रावणात नुसतं ऊन, भाद्रपदात दोन दिवस रिपरिप. नाला एकदाही धड वाहिला नाही. पण ललितचं तळं भरलेलं होतं; उंच भरावाआड ते गावाला दिसलं नाही. नानाला ते दिसत नव्हतं असं नाही. ते विचारायचं त्यानं रोज उद्यावर टाकलं. मुलाला विचारायला बाप घाबरतो, असं कुणी सांगितलं असतं तर तरुणपणी तो हसला असता.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं, अवजारं पुजतात. नाना त्या सकाळी दोर भिजवायचा, एकटाच जाऊन एकदा माप बघून यायचा, आणि मग दोराला हळदकुंकू लावायचा. त्या वर्षी त्याचा अंदाज साडेपाच परसांचा होता. साडेपाच नाही तर सहाच. त्यानं दोर सोडला आणि चौथी गाठ हातात यायच्या आतच खालून 'पक्' झालं. पावणेचार.

त्यानं पुन्हा सोडला. पुन्हा पावणेचार. मग तो कठड्यावर पालथा झाला आणि आत बघू लागला. विहिरीची तीन अंगं कोरडी होती. चौथ्या अंगाला, शेततळ्याकडच्या, दगडांच्या सांध्यांतून पाण्याची बारीक ओघळ लागलेली होती, एकसारखी, आवाज न करणारी. चार बोटांचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसाला ते समजायला किती वेळ लागणार?

घरी ललित फवारणीच्या पंपाला कुंकू लावत होता.

"तळ्याचा कागद फाटलाय?" नानानं विचारलं.

ललितचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"हीर म्हणली."

ललितनं खालीच बघत सगळं सांगितलं. पोळ्याच्या सुमाराला तळ्यात कुत्रं पडलं. गुळगुळीत कागदावरून वर येता येईना, तेव्हा त्यानं नखांनी कागदाच्या चिंध्या केल्या. कुत्रं निघालं, पण तेव्हापासून तळ्याचं पाणी दिवसाला वीतभर उतरत होतं. ठिगळ लावणारा माणूस दिवाळीपर्यंत मिळत नव्हता.

"आन् तळं भरलं कशानं? नाला तर वाह्यला नाय."

"आपल्या विहिरीनं. लाइट आली की मोटर टाकतो." ललितनं आता मान वर केली. "आपलीच विहीर आहे ना नाना? कुणाची चोरली का मी?"

म्हणजे ललित त्यांच्या शेतातल्या वरच्या विहिरीतून उपसत होता, तळ्यात भरत होता, तळं गळत होतं आणि ते पाणी मापाच्या विहिरीत उतरत होतं. गावाच्या पोटातलं पाणी काढून गावालाच दाखवायला ठेवल्यासारखं झालं होतं. डोंगर कोरडा, नाला कोरडा, आणि फक्त त्या एका विहिरीला पाणी.

"उद्या मला गावाला सांगावं लागंल," नाना म्हणाला.

"सांगा. ते स्टार्टर काढून नेतील, माझा कांदा जाईल, ते ठीक. पण देवळात माझा स्टार्टर ठेवलेला सगळ्या गावानं हंगामभर बघायचा? कंपनीनं काढलं ते काय कमी झालं?" ललितचा आवाज चिरका झाला. "मी नाही राहणार इथं. पोरीला घेऊन नाशिक रोडला जातो, दीपमालाच्या भावाकडे. आणि परत यायचं नाव काढणार नाही." मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात तो म्हणाला, "खोटं बोला असं मी कुठं म्हणतोय? दोर जे सांगेल तेच सांगा."

दीपमाला दारात उभी होती. आरोही दोराशी खेळत होती.

दसऱ्याच्या सकाळी सगळं गाव विहिरीवर जमलं. लोकांनी आशा सोडलेलीच होती. हरभऱ्याच्या बियाण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. नानानं दोर सोडला. 'पक्' आवाज झाला तेव्हा पुढच्या ओळीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"नाना, किती?" गोरक्षनं विचारलं.

"पावणेचार."

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही, आणि मग जो गलका उठला तो काही विचारू नका. नाथा नावाचा एक दांडगा गडी, ज्यानं त्या दोन उन्हाळ्यांत सगळ्यात जास्त चर खणले होते, तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बघा! पाऊस नसला तरी आपल्या चरांनी धरलंच की नाय पाणी!" झालं. पुढचं सगळं त्या एका वाक्यानं केलं. कमी पावसात पाणी कसं, हा प्रश्न ज्याला त्याला पडायला हवा होता. पण उत्तर हाताशी होतं आणि ते गोड होतं. आपल्या घामाचं कौतुक ऐकताना माणूस शंका घेत नाही. लोकांनी नानाला आपट्याची पानं दिली, त्याच्या पाया पडले, आणि नाना प्रत्येकाला "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणत राहिला.

तो खोटं बोलला नव्हता. दोर ओला होता, गाठी त्याच होत्या, आवाज सगळ्यांनी ऐकला होता. खोटं बोलायचं नसलं की माणूस किती निवडून निवडून खरं बोलतो!

दुपारी बयाबाई नानाच्या बांधावर आली. पन्नाशी उलटलेली विधवा, मूलबाळ नाही, वरच्या अंगाला एकराचा तुकडा आणि जेमतेम विहीर म्हणावी अशी हातभर रुंदीची विहीर. पण तिच्याकडे एक गोष्ट होती जी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तिच्या सासूपासून चालत आलेलं कांद्याचं बी. निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना गोंडे येतात, गोंडे आलेल्या त्या कांद्यांना डेंगळे म्हणतात. त्यातून काळं बी निघतं. कांद्याचं बी वर्षाच्या पुढं टिकत नाही, म्हणून दरवर्षी डेंगळे लावावेच लागतात. एक वर्ष चुकलं की वाण संपला. तिचा कांदा कांदाचाळीत नवरात्रापर्यंत कडक राहायचा, आणि लग्न होऊन आलेल्या गावातल्या प्रत्येक सुनेला ती पदरात चिमूटभर बी घालायची. पाणी कमी असलं की बयाबाई कांदा लावायचीच नाही. विहिरीत असेल तेवढं पाणी राखून फक्त दोन वाफे डेंगळ्यांचे जगवायची.

"लहानूभाऊ," ती म्हणाली, "दोर तर बघितला. पर माझ्या मनाला पटंना. पाऊस कुठं झाला? तुमी खरं सांगा, लावू का एकरभर? का आपले दोन वाफेच बरे?"

बांधावर दुसरं कुणी नव्हतं. तिच्या एकटीला सांगितलं असतं तर गावात गवगवा झाला नसता. ती तशी बाई नव्हती. नानाच्या ओठांवर आलंही होतं. पण तिला सांगायचं तर ललितचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि खालच्या शेतातून आरोहीचा हसण्याचा आवाज येत होता.

"दोर तर तुमच्यादेखतच सोडला की, बयाबाई," तो म्हणाला.

"हां," ती म्हणाली. "मंग लावते."

दिवाळीच्या आधी ठिगळ लावणारा आला, तळ्याचा कागद नीट झाला, आणि विहिरीतली ओघळ आटली. दसऱ्यानंतरही दर अमावास्येला माप घ्यायची रीत होती. त्या अमावास्येला नानानं आधी एकट्यानं दोर सोडला तर साडेसहा परस. रोपं अजून वाफ्यांत होती. शेतात लावायला महिना-दीड महिना होता. तेव्हाही बोलला असता तर निम्मं गाव वाचलं असतं, हे त्याला समजत होतं. त्याच्या वाचेला कुणी कुलूप घातलं नव्हतं. त्यानं गोरक्षला निरोप धाडला की अंगात कणकण आहे, या महिन्याचं माप राहू द्या. गोरक्षनं उलट विचारलंही नाही. निर्णय दसऱ्यालाच झाला होता, पुढची मापं नुसती रीत म्हणून चालायची. या गोष्टीत मला नानाचा राग येतो तो इथं, दसऱ्याला नव्हे. दसऱ्याला तो बाप होता. दिवाळीला तो नुसता भित्रा होता.

डिसेंबरात कांदा लागला. माघात मोटरी एकेका विहिरीचा तळ खरवडू लागल्या. महाशिवरात्रीच्या आधी नाथाची मोटर हवा ओढायला लागली, मग गोरक्षची, मग सगळ्यांचीच. कांदा पोसायला लागण्याच्या ऐन वेळी पाणी तुटलं. पात पिवळी पडली, आडवी झाली, आणि जमिनीत लिंबाएवढ्या गाठी राहिल्या.

बयाबाईनं शेवटी एकराचा नाद सोडला आणि डेंगळ्यांच्या दोन वाफ्यांना कळशीनं पाणी घालायला सुरुवात केली. गोंडे नुकते फुटले होते. पण तिच्या विहिरीतलं पाणी एकरानं आधीच पिऊन टाकलं होतं. ती गावच्या हातपंपावरून कळशी आणायची, मग हातपंपही कोरडा खडखडू लागला. नाना एकदा लांबून बघत उभा होता. ती वाफ्यात बसून एकेक गोंडा हातात चुरगाळून बघत होती, आत बी भरलंय का म्हणून. आत पोकळ सालं होती. ती सगळे गोंडे बघून संपेपर्यंत उठली नाही.

चैत्रात पारावर सभा झाली. कुणी आभाळाला शिव्या दिल्या, कुणी तलावाच्या भिंतीला. एकजण म्हणाला, पुढल्या वर्षी दोन विहिरी मोजू. गोरक्ष म्हणाला, "दोराचा दोष नाय. नाना हाय तवर मापाची काळजी नको. औंदा जमिनीतच काहीतरी इपरीत झालंय."

त्यावर नाना उठला. त्यानं देवळाच्या खांबाला हात टेकला. त्यानं सगळं सांगितलं. कुत्रं, कागद, ललितचा उपसा, ओघळ, पावणेचार, दिवाळीचं साडेसहा. काहीही गाळलं नाही. ललित मागे उभा होता. तो मध्येच निघून गेला.

नानाला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. कुणी आलं नाही. मग गोरक्ष खाली बघत म्हणाला, "नाना, बसा."

नाथा मात्र उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि एवढ्या दांडग्या माणसाच्या डोळ्यांत ते बघवत नव्हतं. "मी छाती फुगवून सांगितलं का आपल्या चरांनी पाणी धरलं," तो म्हणाला. "सारा गाव माझ्याकडं बघत व्हता. नाना, तुमी बी बघत व्हता." मग तो गावाकडे वळला. "नानाचाच दोर आसा निघाला, तर आता कुणी कुणाचं ऐकायचं?"

ललितचा स्टार्टर काढायलाही कुणी गेलं नाही. नानानं खरं सांगितलं, ते चांगलंच केलं. पण जे गाव त्या दोरावर बांधलेलं होतं ते त्या खऱ्यानं सुटलं, हेही तितकंच खरं. आठवड्याच्या आत मनमाडकडून बोअरची गाडी आली. पहिली नाथानं पाडली. मग दुसरी, तिसरी. दहा वर्षांत ज्या गावात एक भोक पडलं नव्हतं तिथं वैशाखात अकरा पडली. गाडीचा धूर आणि दगडाचा पांढरा फुफाटा घराघरांतल्या भांड्यांवर बसला. दहा बोअरींतून फक्त तो फुफाटाच निघाला.

अकरावी ललितची. तो नाशिक रोडला गेला नव्हता. "पाडू नको," नानानं सांगितलं होतं. "सगळ्यांनी पाडल्या, मग मीच कशाला सोडू?" एवढं बोलून ललित गाडीवाल्याला जागा दाखवायला गेला. साडेपाचशे फुटांवर पाणी लागलं, चांगलं मनगटाएवढं. ललितनं गाडीवाल्याला पेढे दिले. नाना घराच्या मागे जाऊन बसला. त्याला वाटलं, निदान हे तरी व्हायला नको होतं. ललितची बोअरही कोरडी गेली असती तर गावात मान वर करून फिरता आलं असतं, असं स्वतःच्या पोराबद्दल त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

टँकर चार दिवसांनी यायचा. त्यावर तरण्याताठ्यांची झुंबड, बयाबाईचा हंडा निम्मा व्हायचा. एका सकाळी ती हंडा घेऊन ललितच्या बोअरपाशी येऊन उभी राहिली. ललित नांदगावला गेला होता. दीपमालानं मोटरचं बटण दाबलं आणि ती आत गेली.

नाना पुढं झाला. पाणी हंड्यात पडत होतं. गार, स्वच्छ, दगडाच्या पोटातलं. बयाबाई पाण्याकडे बघत होती. तिनं उन्हातान्हात वर्षभर झिजलेलं लुगडं नेसलं होतं आणि हाताला माती होती. डेंगळ्यांचे वाफे तिनं अजून मोडले नव्हते.

"बयाबाई," नाना म्हणाला, "कायतरी बोला. शिव्या घाला मला."

हंडा भरला तेव्हा तिनं मोटरच्या बटणाकडे बोट केलं. नानानं ते बंद केलं.

"गावानं दोराला इचारलं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "मी तुमाला इचारलं व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. नानाला वाटलं, असता तर बरं झालं असतं. ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. टँकरला अजून दोन दिवस होते आणि दुसरीकडे कुठं पाणी नव्हतं. नानानं मोटर लावली, हंडा भरला, आणि तिच्या डोक्यावर चढवायला हात पुढं केला.

"आसू द्या," बयाबाई म्हणाली, आणि तिनं तो एकटीनं उचलला.